व्याख्यानशाळेच्या शोधात

(हीरक महोत्सवी वर्षातील सहलीच्या पूर्वसंध्येस मुख्याध्यापिकांनी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



उद्या सकाळी आपल्या शाळेच्या फाटकातून सहलीच्या गाड्या निघतील. इयत्ता आठवी व नववीचे विद्यार्थी पाच दिवसांच्या प्रवासाला जात आहेत. हीरक महोत्सवी वर्षातील सहल कोठे न्यावी याविषयी अनेक सूचना आल्या. त्याच सुमारास आपले एक माजी विद्यार्थी कंबोडियाचा प्रवास करून आले आणि त्यांनी अंगकोरच्या मंदिरांची छायाचित्रे मुलांना दाखवली. ती पाहून नववीच्या वर्गातून प्रश्न आला, "बाई, आपल्याकडे असं काही आहे का?" या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी ही सहल आखली आहे.

अंगकोर म्हणजे ख्मेर राजांची राजधानी. नवव्या शतकाच्या अखेरीस यशोवर्मन राजाने तेथे यशोधरपूर वसवले. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मनाने अंगकोर वाट हे विष्णुमंदिर उभारले. त्या नगरातील घरे व राजवाडे लाकडाचे होते, ते काळाच्या ओघात नाहीसे झाले. दगडी मंदिरे, खंदक आणि विस्तीर्ण जलाशय तेवढे राहिले. पश्चिम बाराय हा तेथील जलाशय सुमारे आठ किलोमीटर लांब आहे. १९९२ साली युनेस्कोने अंगकोरला जागतिक वारसा स्थळांत स्थान दिले, आणि आज जगभरचे प्रवासी वाटाड्यांचे बोट धरून ती नगरी, तिच्या भोवतीची खेडी आणि भातशेती पाहत हिंडतात.

त्याच शतकांत नर्मदेच्या काठी डाहल देशावर कलचुरी राजे राज्य करीत होते. त्यांची राजधानी त्रिपुरी. तेवर हे आजचे गाव म्हणजे ती त्रिपुरी. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांकडे जाताना आपण सर्वांनी ते शेकडो वेळा ओलांडले आहे. बहुतेकांनी गाडी थांबवलेली नाही. उद्याचा पहिला मुक्काम तेथेच.

मुलांनो, तेवरला उतरल्यावर तुम्हाला अंगकोरसारखे काही दिसणार नाही, हे आधीच सांगते. गाव दिसेल, शेते दिसतील, एखाद्या ओट्यावर किंवा झाडाखाली शेंदूर लावलेला कोरीव दगड दिसेल. तेवरच्या लगत करणबेल नावाच्या जागी प्राचीन नगराचे अवशेष होते. एकोणिसाव्या शतकात लोहमार्गाचे काम चालले असताना तेथील घडीव दगड ठेकेदारांनी वाहून नेले. अंगकोरला जंगलाने झाकले, म्हणून ते वाचले. त्रिपुरी शहराच्या आणि रुळांच्या जवळ होती, म्हणून ती गेली. तेव्हा तेवरला डोळ्यांबरोबर बुद्धीनेही पाहावे लागेल. 'त्रिपुरी' हे नाव कोरलेली नाणी इसवी सनापूर्वीची आहेत, म्हणजे कलचुरींच्याही आधी कित्येक शतके हे नगर नांदत होते. १९५२च्या सुमारास सागर विद्यापीठाच्या वतीने डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी येथे उत्खनन करून त्या जुन्या वस्तीचे थर उलगडले. १९३९ साली काँग्रेसचे अधिवेशन जबलपुराजवळ नर्मदाकाठी भरले, सुभाषचंद्र बोस तापाने फणफणले असताना अध्यक्ष म्हणून आले, आणि त्या अधिवेशनाला नाव दिले गेले ते त्रिपुरीचे. कमानिया गेट त्याच अधिवेशनाचे स्मारक आहे. ज्या नगराची भिंत उरली नव्हती, त्याचे नाव तेव्हाही आपल्या लोकांनी जपले होते.

तेथून आपण भेडाघाटच्या टेकडीवर चढू. चौसष्ट योगिनींचे मंदिर वर्तुळाकार आहे. मधल्या अंगणावर छप्पर नाही. भोवतालच्या ओवऱ्यांतील मूर्ती मोजा. नाव चौसष्टांचे असले तरी तुमची मोजणी ऐंशीच्या पुढे जाईल. पुष्कळ मूर्ती भग्न आहेत, परंतु बैठकींवर कोरलेली त्यांची नावे वाचता येतात. ज्याची देवनागरी पक्की, त्याला काही अक्षरे ओळखीची वाटतील. ज्या अक्षरांत आपण मराठी लिहितो, त्यांच्या पूर्वजांची ती भेट असेल.

आता मी ज्यासाठी उभी आहे ते सांगते. या भेडाघाटला एक शिलालेख सापडला होता. तो आहे अल्हणदेवी या राणीचा. ती मेवाडच्या गुहिल राजाची कन्या, कलचुरी राजा गयाकर्ण याची पत्नी आणि नरसिंह राजाची माता. कवी शशिधराने रचलेल्या त्या प्रशस्तीत म्हटले आहे की राणीने शिवाचे मंदिर बांधले, त्याला जोडून मठ बांधला, उद्याने लावली आणि एक व्याख्यानशाळा उभारली. या सर्वांच्या खर्चासाठी दोन गावांचे उत्पन्न लावून दिले. लेखावर कलचुरी संवत ९०७ आहे. त्यात साधारण २४८ मिळवा, इसवी सन ११५५ येईल. म्हणजे आजपासून सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी, आपल्या शाळेपासून तासाभराच्या अंतरावर, एका विधवा राजमातेने शाळा काढली होती.

याच बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात अंगकोरला सातव्या जयवर्मनाची राणी इंद्रदेवी विहारांतून अध्यापन करीत होती. फिमेनाकस येथील संस्कृत लेख तिने स्वतः रचलेला आहे. दोघींना एकमेकींचे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु नर्मदेच्या काठी आणि ख्मेर देशात, एकाच संस्कृत भाषेत, दोन स्त्रियांची विद्येशी असलेली नाती दगडावर लिहिली गेली. मुलींनो, हे विशेष ध्यानात ठेवा.

हा शिलालेख तुम्हाला भेडाघाटला दिसणार नाही. फिट्झएडवर्ड हॉल या विद्वानाने एकोणिसाव्या शतकात तो वाचून प्रसिद्ध केला आणि दगड अमेरिकेत न्यू हेवन येथील अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात गेला. व्याख्यानशाळेची इमारतही आपल्याला दाखवता येणार नाही. मग आपण काय पाहणार? आपण तो लेख बरोबर नेणार आहोत. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरींचे कोरीव लेख एकत्र करून, शुद्ध करून, अर्थासह दोन भागांत सिद्ध केले. तो ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. कोकणात जन्मलेल्या आणि नागपुरात आयुष्य वेचलेल्या या मराठी विद्वानामुळे त्रिपुरीच्या राजांची वंशावळ आणि काळ आज आपल्याला सुसंगतपणे वाचता येतो. त्या ग्रंथातील अल्हणदेवीच्या लेखाचा आमच्या अध्यापकांनी केलेला मराठी गोषवारा नववीच्या दोन विद्यार्थिनी टेकडीवर मोठ्याने वाचतील.

दुसऱ्या दिवशी आपण कटनी जिल्ह्यात जाऊ. रूपनाथला सम्राट अशोकाचा शिलालेख खडकावर आहे. जवळच बहोरीबंदला गयाकर्णाच्या काळातील तीर्थंकर शांतिनाथांची भव्य उभी मूर्ती आहे. शैव राजाच्या राज्यात जैन मूर्ती उभी राहते, हेही त्या काळाचे लक्षण. वाटेत सिहोऱ्याच्या बाजूला तळी लागतील. शिंगाड्यांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. मग बिलहरी. तेथील मोठ्या तळ्याला लोक आजही लक्ष्मणसागर म्हणतात आणि लक्ष्मणराज या कलचुरी राजाशी त्याचा संबंध जोडतात. ख्मेर राजांच्या बारायापुढे हे तळे लहान. पण त्या जलाशयांमागचा विचार आणि या तळ्यामागचा विचार एकच: राज्य उभे राहायचे तर पाणी अडवावे लागते.

बिलहरीचा प्रसिद्ध शिलालेखही तेथे नाही. तो नागपूरच्या संग्रहालयात आहे. १९५६पर्यंत जबलपूर व नागपूर एकाच प्रांतात होते, हे पालकांपैकी ज्येष्ठांना आठवत असेल. त्या लेखात युवराजदेवाची राणी नोहला हिने बांधलेल्या शिवमंदिराचे वर्णन आहे, आणि बाजारातील करांची यादी आहे. मीठ, मिरे, सुंठ, भाजीपाला, घोडे, हत्ती, कशावर किती द्यावे ते लिहिले आहे. बाजाराला शब्द वापरला आहे 'मंडपिका'. हिंदीतील मंडी आणि मराठीतील मांडवी हे शब्द याच घराण्यातले. घरी एक आणि रस्त्यावर दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्या मुलांना या एका शब्दात दोन्ही भाषांची आजी भेटेल.

तिसऱ्या दिवशी दमोहच्या वाटेवरील नोहटा. तेथील उंच जोत्यावरचे शिवमंदिर नोहलेच्या नावाशी जोडलेले आहे. मूळच्या जागी उभे असलेले कलचुरीकालीन मंदिर कसे दिसते ते तेथे कळेल. परतताना भंवरतालजवळचे राणी दुर्गावती संग्रहालय पाहू. चौथ्या व पाचव्या दिवशी अमरकंटक. नर्मदेच्या उगमाजवळ कर्ण राजाच्या नावाने ओळखले जाणारे मंदिर आहे. ज्या नदीच्या काठी आपण वाढलो, तिचे पहिले पाणी ओंजळीत घेऊन सहल संपेल.

प्रत्येक ठिकाणी मार्गदर्शक कोण? मुलेच. पाच गट केले आहेत. ज्या गटाने ज्या स्थळाचा अभ्यास केला, त्याने ते इतरांना समजावून सांगायचे. परतल्यावर प्रत्येक गटाने आपल्या स्थळाची आठ पानांची मराठी माहितीपुस्तिका लिहायची आणि तिची एक प्रत त्या गावच्या शाळेसाठी हिंदीत करून द्यायची.

पालकहो, आता थोडे आपल्याविषयी. या शहरात मराठी माध्यमाची शाळा कशासाठी, हा प्रश्न आम्हांला दर जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी ऐकावा लागतो. विचारणारे बहुधा आपलेच असतात. पूर्वी एकेका इयत्तेच्या दोन तुकड्या भरत. आज एक तुकडी भरताना आम्हांला घरोघरी जावे लागते. हे या उत्सवाच्या वर्षी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पोटापाण्याची भाषा इंग्रजी, व्यवहाराची हिंदी, मग मराठीने काय द्यायचे, असे पालकांना वाटते, आणि त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही.

मी एवढेच सांगेन. दहाव्या शतकात त्रिपुरीच्या दरबारात राजशेखर नावाचा कवी होता. त्याच्या पणजोबांना, अकालजलद यांना, तो अभिमानाने 'महाराष्ट्रचूडामणि' म्हणतो. त्याचे 'विद्धशालभञ्जिका' हे नाटक याच राजसभेसाठी रचले गेले. त्यानंतर हजार वर्षांनी या भूमीचे लेख मिराशींनी वाचले, येथली माती दीक्षितांनी खणली. आपण नोकरीनिमित्त आलेली, उद्या निघून जाणारी माणसे आहोत असे आपल्या मुलांना वाटते. त्यांना हे कुणी सांगितलेले नसते. या भूमीशी मराठी माणसाचे नाते विद्येचे आहे, आणि ते नाते पुढे न्यायचे तर मुलाला आपल्या भाषेत बारकाईने वाचता आणि लिहिता आले पाहिजे. ज्याला एक भाषा खोलवर येते, त्याला दुसरी शिकणे जड जात नाही, हा माझा अध्यापनातला अनुभव आहे.

अल्हणदेवीची व्याख्यानशाळा कधी बंद पडली, हे कोणत्याही लेखात नाही. तिच्यामागे राजसत्ता होती, दोन गावांचे उत्पन्न होते. ते आधार गेले आणि शाळा गेली. आपल्या शाळेमागे गावे नाहीत. साठ वर्षे ही शाळा शिक्षकांच्या कष्टांवर, सभासदांच्या वर्गणीवर आणि मुख्यतः पालकांनी आपली मुले येथे पाठवली यावर चालली. पुढेही ती त्यावरच चालेल. जूनमध्ये जेव्हा प्रवेशाचा अर्ज हातात घ्याल, तेव्हा या पाच दिवसांत तुमच्या मुलाने किंवा मुलीने काय पाहिले आणि काय लिहिले, ते एकदा वाचून मग निर्णय घ्यावा, एवढी विनंती आहे.

विद्यार्थी मित्रांनो, वही, पेन, पाण्याची बाटली आणि पायांत चालता येतील असे बूट. मंदिरातील कोणत्याही दगडाला खडूने किंवा टोकदार वस्तूने स्पर्श करायचा नाही. गावातील वडीलधाऱ्यांना नमस्कार करून बोलायचे. त्यांना जे ठाऊक आहे ते पुस्तकात नसते. सकाळी साडेपाचला सर्वांनी प्रांगणात हजर राहावे.