'नैध्रुव' : एका दुर्मीळ नावाची कथा

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आमच्या नातवाचे नाव 'नैध्रुव' ठेवले, तेव्हा आपणांपैकी बहुतेकांनी ते दोनदा विचारून घेतले. कुणी 'ध्रुव' म्हणून चालविले, कुणी ते बंगाली आहे काय, अशी पृच्छा केली. म्हणून या नावाविषयी चार शब्द सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

या नावाचे माहेर म्हणजे कुंभकोणमपासून सुमारे २० किलोमीटरांवरील तिरुक्करुगावूर. तमिळमध्ये 'करु' म्हणजे गर्भ, 'का' म्हणजे राखणे आणि 'ऊर' म्हणजे गाव. येथील शिव मुल्लैवननाथ. मुल्लै ही आपल्या जुईच्या कुळातील वेल. लिंग वारुळाच्या मातीचे, त्यामुळे त्यास पाण्याचा अभिषेक होत नाही, पुनुगू म्हणजे जवादी लावतात. शेजारी देवी गर्भरक्षांबिका. कथा अशी की, निध्रुव ऋषी बाहेर गेले असता ऊर्ध्वपाद मुनी आले; गर्भभाराने थकलेल्या वेदिकेकडून त्यांचे आतिथ्य झाले नाही. मुनींच्या शापाने तिचा गर्भ ढळू लागला. तेव्हा देवीने तो एका दिव्य कुंभात राखून वाढविला. जन्मलेल्या बाळासाठी कामधेनूने दूध दिले. देवळापुढील क्षीरकुंड त्याचेच म्हणून दाखवितात. त्या बाळाचे नाव नैध्रुव.

व्याकरण सरळ आहे. कुंतीचा कौंतेय, तसा निध्रुवाचा नैध्रुव. 'निध्रुव' म्हणजे दृढ, अढळ. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलातील ६३ वे सूक्त निध्रुवि काश्यप या ऋषीचे आहे. आणि गंमत ही की, आपण हे नाव ऐकतच आलो आहोत! काश्यप गोत्राचे प्रवर काश्यप, आवत्सार, नैध्रुव. ज्यास गोत्र ठाऊक नाही त्याचे काश्यप, असा आपल्याकडे प्रघात आहे. म्हणजे या नावाच्या छायेत किती लोक येतात ते पाहा. तमिळ ब्राह्मणांत तर 'नैध्रुव काश्यप' हे गोत्राचेच नाव म्हणून सांगतात. मात्र संकल्पात उच्चारले जाणारे हे नाव पाळण्यात क्वचितच येते. तंजावरास १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते, पण तेथील राजे एकोजी, शहाजी, सरफोजी, तुळजाजी, आपल्याच वळणाचे.

आता घरची गोष्ट. सूनबाईंचे दोन गर्भ राहिले नव्हते. तिसऱ्या वेळी डॉक्टरांचे उपचार चालू असतानाच ती तिरुक्करुगावूरास जाऊन आली. देवळातून मिळालेले तूप तिने ४८ दिवस घेतले. यश कुणाचे, हा वाद आम्ही घातला नाही. पण मुलगा झाल्यावर आमच्या तीर्थरूपांचे नाव ठेवावे, असा आमचा आग्रह होता. ती नम्रपणे म्हणाली, "बाबा, तिसऱ्या महिन्यात रात्री झोप लागत नसे, तेव्हा मी त्याला याच नावाने हाक मारीत होते. आता दुसऱ्या नावाने कशी मारू?"

आम्ही दोन दिवस रुसलो, हे येथे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी बारसे झाले. पाळण्याखालून गोप्या घेताना त्याच्या आत्याने कानात तीर्थरूपांचे नाव सांगितले आणि मग सर्वांना ऐकू जाईल असे 'नैध्रुव' म्हटले. त्याची आजी मात्र अजूनही त्याला 'बाळ्या' म्हणते.