किरणोपचारानंतरचे जीवन

मुखाच्या वा घशाच्या कर्करोगाचा रोगी उपचार संपवून घरी परततो, तेव्हा घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. प्राण वाचला, हे थोडेथोडके नव्हे. परंतु त्या माणसाला पुढे रोज जेवायचे असते, बोलायचे असते, चार माणसांत बसायचे असते. या पुढच्या जीवनाची विचारपूस आपल्याकडे फारशी होत नाही.

किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे चालतात. दर खेपेस साधारण २ ग्रे, याप्रमाणे एकूण मात्रा ६० ते ७० ग्रेपर्यंत जाते. किरण रोगपेशींचा नाश करतात. पण वाटेतील निरोगी पेशींनाही त्यांची झळ लागते. कानांच्या पुढे आणि जबड्याखाली असलेल्या लाळग्रंथी तर फारच नाजूक. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. ती आटली की भाकरीचा घास तोंडात नुसता फिरत राहतो आणि रात्री पाण्याचा तांब्या उशाशी ठेवावा लागतो. लाळेचे संरक्षण गेल्याने दात झपाट्याने किडतात. जबडा आखडतो, गिळण्याचे स्नायू ताठरतात, चव महिनोन्‌महिने परतत नाही. मानेवर किरण पडले असल्यास पुढे अवटु ग्रंथीचे कार्यही मंदावू शकते.

यांहून अवघड दुःख न दिसणारे आहे. सगळ्यांची पाने उठली तरी आपले अर्धे जेवण व्हायचे आहे, या संकोचाने माणूस लग्नाच्या पंगतीला जाणे टाळतो; मग घरातही एकटा जेवू लागतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या एका युरोपीय संस्थेने अशा रोग्यांसाठी ३५ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली आहे. कुटुंबीयांसमोर जेवताना अडचण वाटते काय, दूरध्वनीवर बोलताना त्रास होतो काय, असे साधे प्रश्न तीत आहेत. गाठ किती आक्रसली हे यंत्र सांगते. हे मात्र रोग्यालाच विचारावे लागते.

अशा विचारण्यातून उपचारही सुधारले. किरणांची तीव्रता जागोजागी कमीअधिक करून लाळग्रंथी वाचविण्याची पद्धत निघाली. ब्रिटनमध्ये घशाच्या कर्करोगाच्या ९४ रोग्यांवर तिची तुलनात्मक चाचणी झाली व निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. वर्षअखेर तोंडाच्या कोरडेपणाचा लक्षणीय त्रास जुन्या पद्धतीत शंभरांपैकी ७४ जणांना, तर नव्या पद्धतीत ३८ जणांना होता. त्रास निम्म्यावर आला, पण संपला नाही. म्हणून घरची काळजी महत्त्वाची.

किरणोपचारापूर्वीच दंतवैद्याकडून दात तपासून घ्यावेत, आणि काढण्याजोगे असतील ते तेव्हाच काढावेत. नंतर दात काढल्यास जबड्याच्या हाडाची जखम भरून न येण्याचा धोका वर्षानुवर्षे राहतो. यास्तव पुढे कोणत्याही दंतवैद्याला किरणोपचार झाल्याचे आधी सांगावे. फ्लोराइडचा उपयोग, तोंड उघडण्याचे व गिळण्याचे व्यायाम आणि अवटु ग्रंथीची ठरावीक काळाने रक्ततपासणी यांत वैद्यांच्या सल्ल्याने सातत्य राखावे. तंबाखू, सुपारी व मद्य यांना कायमचा निरोप द्यावा, हे सांगणे नलगे.

घरच्यांनी भाकरी आमटीत कुस्करून द्यावी, भात पातळ ताकाशी कालवावा, तिखट आवरावे. परंतु पथ्याच्या नावाखाली त्याचे ताट निराळ्या खोलीत नेऊ नये. त्याचा घास सावकाश उतरत असेल, तर इतरांनी हात वाळत बसावे लागले तरी बसावे. तो ज्या दिवशी संकोच न बाळगता पंक्तीला येऊन बसेल, त्या दिवशी त्याचा उपचार बऱ्याच अंशी पुरा झाला असे म्हणता येईल.