क्लच आहेच, दिसत नाही इतकंच

श्रोतेहो, ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली निरनिराळी यंत्रं विकली जातात. माझ्या आपाचा डावा गुडघा दुखतो, क्लच दाबवत नाही, म्हणून मी हे जरा खोलात पाहिलं.

२०१४ साली मारुतीच्या सेलेरिओतून आपल्याकडे आलेली एएमटी म्हणजे नेहमीचाच गिअरबॉक्स. क्लचही तोच, फक्त तो दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. म्हणून ती स्वस्त, आणि पेट्रोलही बेतानं पिते. गिअर बदलताना मात्र क्षणभर ओढ तुटते, मान डुलते. (कव्वाली ऐकताना डुलते तशी नव्हे!) जुन्या घडणीच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाचा पंखा तेल ढकलतो, त्या तेलानं समोरचा पंखा फिरतो. चाल मऊ, किंमत जास्त.

खरी परीक्षा चढावर. घाटात वाहनं खोळंबली की एएमटीची गाडी नुसत्या ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नये. क्लच घासतो, तापतो. ब्रेक दाबून थांबावं. पाय ब्रेकवरून उचलताना गाडी मागे सरकू शकते, तिथं हँडब्रेक कामी येतो. ‘हिल होल्ड’ असेल तर तो गाडी क्षणभर धरून ठेवतो, पण तो प्रत्येक गाडीत नसतो. चाचणीला शोरूमवाले सपाट रस्त्यावर नेतात. आपण चढाचा रस्ता मागावा.