विष शेतात, उपचार बांधावर



१९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लातूरला विवेकानंद रुग्णालय उभारले. आज आरोग्यसेवा शेताच्या बांधापर्यंत न्यावयाची आहे.

नांदेडमधून पैनगंगा ओलांडली की यवतमाळ. २०१७ च्या हंगामात तेथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कपाशी पुरुषभर वाढलेली, अंग उघडे, कीटकनाशकांचे मिश्रण; विष श्वासातून आणि घामेजलेल्या त्वचेतून शरीरात उतरले. नांदेडची कपाशी काही वेगळी नाही.

आपण ज्याला ‘औषध’ म्हणतो ते विष आहे, हे प्रथम घरोघर सांगा. डब्यावरील लाल त्रिकोण म्हणजे अतिजहाल. ही खूण निरक्षरालाही ओळखता येते. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये. अंगभर कपडे, हातमोजे, मुखपट्टी हवी. नंतर साबणाने स्नान. चक्कर, उलटी, अंधुक दृष्टी जाणवताच रुग्णालय गाठावे व डबा सोबत न्यावा; विष कळले की उपचाराला दिशा मिळते.

मजुराला हातमोजे देणे हा उपकार नव्हे, मालकाचे कर्तव्य आहे. खरिपाची फवारणी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गावात एवढे सांगून या. रुग्णालयात रुग्ण कमी आले, तर ते आपल्या कार्याचे यश समजावे.