नितळ म्हणजे निर्मळ नव्हे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ. शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मोठे काही सांगणार नाही. आमच्या गल्लीने जे भोगले, तेवढेच सांगते.

गेल्या श्रावणात गल्लीतील पाच घरांत कावीळ शिरली. त्यांत माझी धाकटी जाऊ होती, आठव्या महिन्यातली गरोदर. डॉक्टर म्हणाले, ही दूषित पाण्यातून होणारी 'ई' प्रकारची कावीळ. एरवी माणूस काही आठवड्यांत बरे होते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ती जिवावर बेतू शकते. देवदयेने दोन्ही जीव वाचले.

मला नवल वाटले ते याचे की, पाणी तर अगदी नितळ होते! टाकीत ब्लीचिंग पावडरही पडत होती. मग घाण शिरली कोठून? रस्ता खणला तेव्हा कळले. गटाराखालून गेलेला नळ गंजून फुटला होता. आपल्याकडे पाणी सकाळी दोन तास येते. ते चालू असते तोवर भोकातून बाहेर झिरपते; बंद होऊन दाब गेला, की त्याच भोकातून गटार आत येते. त्यात आपण नळाला मोटार लावतो! मोटारीला फक्त ओढणे ठाऊक. पाणी कोणते आणि गटार कोणते, हे ती पाहत नाही.

भगिनींनो, मोटार माझ्याही घरी होती. जावेच्या तांब्यात घाण कोणाच्या मोटारीने आली, देव जाणे; पण ती माझीही असेल, हा सल जात नाही.

हे आपल्याच गावी घडले असे नाही. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत नाल्याचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. २०१२ साली इचलकरंजीतही काविळीची मोठी साथ आली होती.

आता आपल्या हातचे सांगते. तुरटीने गाळ बसतो, फडक्याने कचरा अडतो. पण पाणी निर्जंतुक होत नाही. पाणी खळखळून उकळावे, त्याच भांड्यात झाकून गार करावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे. नळाचे पहिले पाणी पिण्यास भरू नये. ते सारवणाला, झाडांना वापरावे. बोअरच्या पाण्यातील फ्लोराईड आणि नायट्रेट मात्र उकळून जात नाहीत. पाणी आटले की उलट त्यांचे प्रमाण वाढते. त्यासाठी पाणी प्रयोगशाळेतच तपासून घ्यावे.

'पावडर टाकली' एवढ्यावर समाधान मानू नये. टाकीपासून सर्वांत दूर असलेल्या घरी, नळाच्या पाण्यात दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. ओ. टी. औषधाचा थेंब टाकला की पाणी पिवळसर होते. मुळीच रंग आला नाही, तर क्लोरीन उरले नाही असे समजावे. ही परीक्षा आपल्या मंडळाने दर आठवड्याला करावी, असे मला वाटते.

मी मोटार काढून टाकली. रोज दोन हंडे कमी भरतात, पण भागते. यंदाच्या हळदीकुंकवाला मला वाण नको. 'आमचीही मोटार काढली' एवढे येऊन सांगा, तेच माझे वाण.