सावली नव्हे, साधना
(बाभुळगाव येथील व्याख्यान)

वर्धा नदीपलीकडे वरोऱ्याच्या आनंदवनात साधनाताई आमटे ९ जुलै २०११ रोजी निवर्तल्या. अशी स्त्री गेली की तिला ‘पतीची सावली’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. रीत जुनी, पण अन्यायाची.

नागपूरच्या सनातनी घुले घराण्यातील ही इंदू. घरात लग्नाची धांदल चालू असताना ती म्हाताऱ्या मोलकरणीला धुणे धुऊ लागते, हे पाहून मुरलीधर आमटे यांनी तिला मागणी घातली. १९४६ साली विवाह झाला आणि इंदूची साधना झाली. सासर जमीनदाराचे, पण १९५१ साली संसार मांडला गेला तो सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, चौदा रुपये आणि खडकाळ माळ यांच्यावर. विकास आणि प्रकाश तेव्हा अगदी लहान होते. कुष्ठरोग्याच्या वाऱ्यालाही लोक उभे राहत नसत. स्वतःचा देह पणाला लावणे हे शौर्य खरेच. परंतु कडेवरची लेकरे त्याच अंगणात खेळू देण्याचे धैर्य आईला दाखवावे लागले. बाबांच्या चरित्रांत या धैर्याला ओळी किती मिळाल्या, हे ज्याने त्याने पाहावे!

१९९० साली, चौसष्टाव्या वर्षी, नातवंडांत रमायचे सोडून त्या बाबांबरोबर नर्मदाकाठी कसरावदला गेल्या आणि सुमारे दहा वर्षे तेथे राहिल्या. बुडीत म्हणजे काय, हे बेंबळा धरणाच्या या तालुक्याला सांगावयास नको. दिगंत, अनिकेत, कौस्तुभ, शीतल ही नातवंडे पुढे त्याच कार्यात उतरली. आजीचा वारसा आणखी कोणता असतो?

आत्मकथनाला साधनाताईंनी ‘समिधा’ हे नाव दिले. होमात जळते ती समिधा, पुण्य मात्र यजमानाच्या खात्यावर! बाभुळगावच्या शिवारातही निंदण-वेचणी बायाच करतात आणि सातबारा बहुधा पुरुषाच्या नावावर असतो. आजी गेल्यावर तेराव्याला तिच्या कष्टांचे गोडवे गायिले जातात. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम काढून पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले होते. ती संघटना समाजवाद्यांच्या विचारांची नव्हती, पण ते आवाहन रास्त होते. तलाठ्याकडे जावयाचे, ते घरधनीण हयात असताना.