अक्षराला नंबर कोणी दिला?

(अभ्यास शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून इथं यंत्राची लई तारीफ झाली. मोबाईलनं जग मुठीत आलं म्हणे. येऊ द्या. माझा सवाल साधा आहे : त्या मुठीत आपला मजकूर आहे का? फोटो नव्हे, व्हिडिओ नव्हे. मजकूर. जो शोधता येतो, तपासता येतो, तारीख आणि पान दाखवून समोरच्याच्या तोंडावर ठेवता येतो.

यंत्राला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक नंबर दिलेला असतो. १९६३ साली अमेरिकेत 'आस्की' नावाची नंबरांची यादी ठरली. जागा १२८. इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं बसली आणि पंगत भरली. आपल्या 'क'ला पानच मांडलं नव्हतं.

पुढं १९९१ साली 'इस्की' ही भारतीय लिप्यांची यादी सरकारी मानक झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. देवनागरीला स्वतःचे नंबर मिळाले. पण कागदावर हक्क मिळाला म्हणून पाणी भरता येत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ ला झाला; तरी १९२७ ला चवदार तळ्यावर जावंच लागलं.

युनिकोड आल्यावरही डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं काय चाललं? इंग्रजी अक्षराच्या नंबरावर मराठी अक्षराचं चित्र चिकटवलं. पडद्यावर 'माणूस' दिसतो, पोटात भलतीच चिन्हं. प्रत्येक फाँटवाल्याचा हिशेब वेगळा. त्याचा फाँट असेल तर वाचा, नाहीतर बसा बोंबलत. पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोडची जोडाक्षरं नीट जुळवता येत नव्हती, हे खरं. पण त्याची किंमत कुणी भरली? आमच्या एका जुन्या अंकाची फाईल मी दुसऱ्या यंत्रावर उघडली, तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसता रोमन कचरा. कागदावर अंक आहे. यंत्राच्या लेखी तो छापलाच गेला नाही.

आता दर बघा. इंग्रजीत एसएमएस लिहा, १६० अक्षरं बसतात. मराठीत लिहा, ७० ला संपला. तिथं काना, मात्रा, वेलांटीसुद्धा वेगळी मोजतात. इंटरनेटवर आज सर्रास चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाईट लागते, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'जय भीम' देवनागरीत लिहायला १६ बाईट. यात कुणी कट केला असं मी म्हणत नाही. आधी जो बसला, त्याच्या मापानं भांडी घडली, एवढंच.

आणि आता नवं यंत्र आलंय, बोलणारं. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं. ही यंत्रं शिकतात कशावर? मुख्यतः ढिगानं जमवलेल्या मजकुरावर. जो टाइप झालाय त्यावर. ज्यांची पुस्तकं, कोश, अग्रलेख आधीच नीट टाइप होऊन बसलेत, त्यांची मराठी हीच यंत्राची मराठी होणार. आपले अंक सायक्लोस्टाइलचे, पुसट, फाटके. त्यांचा नुसता फोटो काढून ठेवला तर तो फोटोच. छापील अक्षर ओळखणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण फुटक्या टायपापुढं आणि पसरलेल्या शाईपुढं तीही चुकतात. शेवटी माणूस बसावा लागतो.

बसलं तर काय होतं, तेही सांगतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत भीमरावाच्या ओव्याही आहेत. २०१७ पासून 'पारी'नं त्या लोकांपुढं आणल्या, बाईच्या नावासकट, गावासकट. जी बाई शाळेत गेली नाही, तिचा शब्द आज नाव घेऊन शोधता येतो. यंत्र तेच. फरक केला माणसांनी.

उलट आपल्या व्हॉट्सॲपवर बघा. बाबासाहेबांच्या नावानं रोज वाक्यं फिरतात. ना ग्रंथ, ना पान. महाराष्ट्र शासन १९७९ पासून बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं खंडाखंडानं छापतंय. वाक्य त्यात सापडलं तर पुढं पाठवा. नाही सापडलं तर तुमच्या हातातच मरू द्या. उद्या यंत्र तेही खोटं शिकेल आणि आपल्यालाच शिकवेल.

म्हणून ठराव-बिराव नको, काम वाटून घ्या. एक : यापुढं प्रत्येक पत्रक, कविता, वृत्तांत युनिकोडमध्येच टाइप करायचा. छापखान्याला दुसरा फाँट लागला तर छपाईपुरता बदला. मूळ फाईल आपल्याकडं ठेवा. दोन : प्रत्येकानं एक जुना अंक घ्यायचा आणि टाइप करायचा. लेखकाला विचारून, नाव, साल, पान नोंदवून. तीन : म्हाताऱ्यांचं बोलणं त्यांच्या बोलीतच उतरवायचं. 'व्हतं'चं 'होतं' करायचं नाही. चार : प्रत तीन ठिकाणी ठेवायची, एकाच कंपनीच्या खात्यावर विसंबायचं नाही.

'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाला, तेव्हा अंकाला छापखाना लागत होता, कागद लागत होता. आज खिशातल्या फोनवर देवनागरी कीबोर्ड फुकट आहे. अंकांची यादी मी मागच्या टेबलावर ठेवलीय. जाताना आपापल्या अंकापुढं नाव लिहून जा.

जय भीम!